शब्द तर हेरोदानेही पाळला होता

‘माणूस कसाही असो, शब्दाचा पक्का होता.’ हे वाक्य अलीकडे आपल्या कॅथॉलिक कुटुंबांतून फार ऐकू येते. रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात रेंगाळणाऱ्या घोळक्यांत, लग्नाच्या मांडवात, आणि निवडणुकीच्या दिवसांत तर घरोघरी ते उच्चारले जाते. उच्चारणारे लोक भांडखोर किंवा अविचारी नसतात. उपासनेला नियमाने येणारे, मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गाला पाठवणारे, शेजारधर्म जाणणारे असे हे लोक असतात. ज्यांच्याविषयी ते बोलले जाते ते नाव बहुतेक वेळा एकच असते : शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे.

हा गौरव आताच का वाढावा, हे समजण्यासारखे आहे. जून २०२२ मध्ये शिवसेना दुभंगली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस दुभंगली. काल ज्याच्याविरुद्ध मते मागितली त्याच्याच शेजारी उभे राहून आज मंत्रिपदाची शपथ घ्यायची, हा प्रकार महाराष्ट्राने इतक्या वेळा पाहिला की मतदाराला आपल्याच बोटावरच्या शाईची लाज वाटावी. अशा वेळी ज्याने स्वतः कधी निवडणूक लढवली नाही, सत्तेचे पद घेतले नाही, जे मनात तेच मैदानावर बोलून दाखवले, तो नेता उंच दिसू लागतो. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी ठाकरे निवर्तले, तेव्हा त्यांना निरोप देण्यासाठी लोटलेली गर्दी ज्यांनी पाहिली त्यांच्या मनात तर ही उंची कायमची ठसली. त्यांचा जन्म २३ जानेवारी १९२६चा. शताब्दीच्या निमित्ताने या गौरवाला अधिकच भरते यावे, हे ओघाने आलेच.

तरीही या वाक्याला मला हरकत घ्यायची आहे. ‘तत्त्वाला चिकटून राहणे’ एवढाच गुण वेगळा काढायचा, ते तत्त्व कोणते होते हा प्रश्न बाजूला ठेवायचा, आणि त्या एका गुणापोटी समाजात दुही माजवणाऱ्या राजकारण्याला वंदनीय ठरवायचे, ही विचारपद्धती ख्रिस्ती माणसाला परवडणारी नाही, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

धर्मगुरूने राजकारणात पडू नये, असे कोणी म्हणेल. ख्रिस्तसभेचा कायदाही धर्मगुरूला पक्षकार्यात सक्रिय भाग घेण्यास मनाई करतो, आणि ते योग्यच आहे. अमक्या पक्षाला मत द्या किंवा देऊ नका, असे मी येथे सांगणार नाही. परंतु कौतुक कशाचे करावे आणि कशाचे करू नये हा विवेकबुद्धीचा प्रश्न आहे, आणि विवेकबुद्धीला वळण लावणे हे तर धर्मगुरूला नेमून दिलेले काम. दिवंगताच्या आत्म्याचा निवाडा देवाकडे आहे. तो अधिकार मला नाही आणि वाचकांनाही नाही. विचार करायचा आहे तो सार्वजनिक कृतींचा, आणि त्या कृतींना आपण देत असलेल्या शाबासकीचा.

प्रथम जे त्यांच्या पदरात घालायला हवे ते घालू. साठच्या दशकातल्या मुंबईत मराठी तरुणाला नोकरीच्या दारात आपण उपरे आहोत असे वाटत होते, ही तक्रार खोटी नव्हती. १९६० साली सुरू झालेल्या ‘मार्मिक’ साप्ताहिकाने ती तक्रार शब्दांत आणि रेषांत पकडली. १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली आणि त्या तक्रारीला संघटनेचे बळ मिळाले. पुढे स्थानीय लोकाधिकार समितीच्या रेट्यामुळे अनेक मराठी घरांत बँकेची, विमा कंपनीची नोकरी आली. त्यांत ख्रिस्ती घरेही होती. मध्यरात्री शाखेतून रुग्णवाहिका मिळाली, इस्पितळात रक्त मिळाले, असे आजही अनेक जण कृतज्ञतेने सांगतात. मुंबईच्या गावठाणांतील कितीतरी ईस्ट इंडियन कुटुंबांनी शिवसेनेला आपले मानले, कारण ‘भूमिपुत्र’ हा शब्द त्यांच्याही जिव्हाळ्याचा होता. एवढे मान्य केल्यावाचून पुढचे बोलण्याचा अधिकार मला पोचत नाही.

आता ‘शब्दाचा पक्का’ या विधानाकडे वळू. ते तपासायला घेतले की पहिल्याच पायरीवर ठेच लागते. स्थापनेनंतरच्या वर्षांत शिवसेनेचा रोख दाक्षिणात्यांवर होता. पाठोपाठ तो कम्युनिस्टांवर आणि त्यांच्या कामगार संघटनांवर आला. १९७५ मध्ये देशावर आणीबाणी लादली गेली, तेव्हा ठाकरे यांनी इंदिरा गांधींना पाठिंबा दिला. ऐंशीच्या दशकात मराठीचा मुद्दा हिंदुत्वात मिसळला आणि रोख मुसलमानांवर स्थिरावला. पुढे उत्तर भारतीयांची पाळी आली. ज्या काँग्रेसविरुद्ध एवढ्या सभा गाजवल्या, तिच्याच प्रतिभा पाटील यांना २००७ मध्ये आणि प्रणव मुखर्जी यांना २०१२ मध्ये शिवसेनेने राष्ट्रपतिपदासाठी साथ दिली. राजकारणात अशी वळणे घ्यावी लागतात, त्यात काही मोठे पाप नाही. पण मग ‘कधी बदललाच नाही’ हे प्रशस्तिपत्रही देता येत नाही. बारकाईने पाहिले तर या साऱ्या प्रवासात टिकून राहिले ते एवढेच : समोर कोणीतरी परका हवा, आणि त्याच्याकडे बोट दाखवून आपल्या माणसांना एकत्र करायचे. परका बदलत गेला. बोट तेच राहिले.

पण समजा, ही ठेच मी विसरलो. समजा, हा नेता पहिल्या सभेपासून शेवटच्या श्वासापर्यंत एका तत्त्वावरून तसूभरही ढळला नाही, असे मान्य केले. तरी मूळ प्रश्न उरतोच. ठाम राहणे हा स्वतःच सद्गुण आहे काय?

याचे उत्तर शोधण्यासाठी संत मार्कच्या शुभवर्तमानातील सहावा अध्याय पुरेसा आहे. हेरोद राजाचा वाढदिवस. गालीलातले सरदार, अधिकारी, प्रतिष्ठित मंडळी मेजवानीला जमलेली. हेरोदियाच्या मुलीचे नृत्य पाहून राजा खूश होतो आणि भर दरबारात शपथ घेतो की तू मागशील ते देईन, अर्धे राज्य मागितलेस तरी देईन. मुलगी आईचा सल्ला घेऊन येते आणि योहान बाप्तिस्ताचे शिर तबकात मागते. राजाला अतिशय दुःख झाले, असे मार्क सांगतो. योहान नीतिमान आणि पवित्र पुरुष आहे हे हेरोदाला ठाऊक होते. त्याचे बोलणे तो आवडीने ऐकत असे. पण शपथ घेतली होती, आणि पाहुणे समोर बसले होते. हेरोदाने शब्द पाळला.

वाचकहो, आपल्या नाक्यावर हेरोदाची जयंती साजरी होत असती, तर फलकावर काय लिहिले असते? ‘दिलेला शब्द प्राणपणाने पाळणारा राजा.’ त्यातले एकही अक्षर खोटे नसते. प्राण कोणाचा, एवढेच वगळलेले असते.

या प्रसंगातल्या दोन गोष्टी राजकारणातल्या तत्त्वनिष्ठेला तंतोतंत लागू पडतात. पहिली अशी की, शब्द हेरोदाचा आणि मान योहानाची. बोलणाऱ्याने बोलावे आणि त्याची किंमत तळघरात कोंडलेल्या दुसऱ्याच कोणीतरी मोजावी, याला शब्दाचा पक्केपणा म्हणणे हा भाषेचा गैरवापर आहे. दुसरी गोष्ट पाहुण्यांची. हेरोद एकटा असता तर कदाचित त्याने शपथ मोडली असती; त्याला बांधून ठेवले ते समोरच्या मंडळींनी. लाखांच्या सभेत टाळ्या घेऊन बोललेले वाक्य नेत्याला असेच बांधून ठेवते. बाहेरून तो निर्भय दिसतो. आतून तो आपल्याच श्रोत्यांना भ्यालेला असू शकतो.

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना चार मूलभूत सद्गुणांचा क्रम आम्हांला पाठ करावा लागे : विवेक, न्याय, धैर्य, संयम. या क्रमात धैर्य तिसरे येते, आणि ते उगाच नव्हे. चौथ्या शतकातील मिलानचे बिशप संत अम्ब्रोज यांनी म्हटले आहे की न्यायाची साथ सुटलेले धैर्य दुष्टाईच्या कामी येते, आणि तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी धैर्याची चर्चा करताना हा विचार उचलून धरला. भित्र्या माणसाचा अन्याय लवकर थकतो. धीट माणसाचा अन्याय थकत नाही, म्हणून तो अधिक घातक. चुकीच्या रुळावरून धावणाऱ्या गाडीला ब्रेक लागत नाही, ही काही त्या गाडीची थोरवी नव्हे.

३० ऑक्टोबर १९६६ रोजी शिवाजी पार्कवर शिवसेनेचा पहिला दसरा मेळावा झाला. पुढे दरवर्षी त्या मेळाव्याला ‘विचारांचे सोने लुटायला’ बोलावणे येत असे. सोने म्हणजे आपट्याचे पान. आमच्या गावाचे आणि त्या झाडाचे नाव एकच, म्हणून या पानाविषयी बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे. बाजारात त्या पानाला काडीची किंमत नाही. ते सोने होते कारण दसऱ्याच्या संध्याकाळी माणूस ते हातात घेऊन दुसऱ्याच्या उंबऱ्यावर जातो, वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो, वर्षभराचे रुसवे मिटवतो. विचाराचेही तसेच आहे. तो शेजाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन त्याच्या हातात देता आला तर सोने. शेजाऱ्याला उंबऱ्यावरून हुसकावण्यासाठी वापरला तर नुसता पाला.

आता जमाखर्च मांडू. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. पाडणाऱ्यांत शिवसैनिक असतील तर आपल्याला त्यांचा अभिमान वाटतो, असे ठाकरे यांनी उघडपणे सांगितले. त्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत मुंबई पेटली. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण आयोगाच्या मोजणीनुसार या दंगलींत ९०० माणसे मेली : ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, आणि उरलेली इतर किंवा ओळख न पटलेली. जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत जळालेली हिंदू माणसे आणि सुलेमान बेकरीत पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडलेली मुसलमान माणसे या एकाच आकड्यात सामावली आहेत. आयोगाने फेब्रुवारी १९९८ मध्ये सरकारला अहवाल दिला. जानेवारीतल्या हिंसाचारात ठाकरे यांनी मुरलेल्या सेनापतीच्या थाटात आपल्या सैनिकांना मुसलमानांवरील संघटित हल्ल्यांसाठी हुकूम दिले, असा निष्कर्ष त्यात नोंदवला आहे. त्या वेळच्या युती सरकारने तो निष्कर्ष स्वीकारला नाही. जुलै २००० मध्ये दंगलीच्या काळातील लेखनावरून ठाकरे यांना अटक झाली, पण कायद्याने ठरवलेली मुदत उलटून गेल्याचे सांगून न्यायालयाने प्रकरण निकाली काढले. त्यांना दंगलीबद्दल शिक्षा झाली नाही, हे न्यायाने सांगितलेच पाहिजे. पण १९८७च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतील त्यांची भाषणे धर्माच्या नावावर मते मागणारी होती, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९५ रोजी मान्य केले, आणि १९९९ मध्ये त्यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी काढून घेण्यात आला, हेही तितकेच खरे आहे. १२ मार्च १९९३ रोजी बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मेली. ते स्फोट घडवणारेही आपल्या सूडाला न्यायच म्हणत असणार. दुहीचे पीक असेच दोन्ही बाजूंनी कापले जाते.

‘निदान तो ढोंगी तरी नव्हता, जे पोटात तेच ओठांत,’ असे यावर उत्तर येते. प्रभू येशूने ढोंग्यांवर कडक कोरडे ओढले, हे खरे. पण ढोंगावर उपाय म्हणून द्वेष उघड करा, असे त्याने कधी सांगितले नाही. उलट, पर्वतावरील प्रवचनात भावाला मूर्ख म्हणणाऱ्यालाही त्याने जाब विचारला आहे. पोटातला द्वेष पोटात राहिला तर तो एका माणसाला जाळतो. ओठांत आला की तो ऐकणाऱ्याच्या हातात उतरतो, आणि त्या हातात काय असेल हे बोलणाऱ्याला ठाऊक असते.

आपल्यापैकी काहींना वाटेल की हे सारे हिंदू-मुसलमानांचे प्रकरण. आपला त्यात काय संबंध? तसे असते तरी शेजारी मार खात असताना अंग चोरणे हे भल्या शोमरोन्याच्या दाखल्यातील याजकाचे वर्तन ठरले असते. पण तसे नाहीच. ‘हटाव लुंगी, बजाव पुंगी’ ही घोषणा कोणासाठी होती? पाताळगंगेच्या काठी कारखाने उभे राहिले, पनवेल आणि नवी मुंबई वाढत गेली, तसतसे केरळातून, तमिळनाडूतून, मंगळूरकडून आलेले कॅथॉलिक आपल्या धर्मग्रामांचे भाग झाले. रविवारी ज्या बाकावर आपण गुडघे टेकतो, त्याच बाकावर ज्यांच्या आजोबांनी साठच्या दशकातील मुंबईत त्या घोषणेच्या धाकात दिवस काढले अशी कुटुंबे बसलेली असू शकतात. त्यांच्यासोबत आपण प्रभूची प्रार्थना म्हणतो, शांतीची खूण म्हणून त्यांच्याकडे पाहून हात जोडतो, एकाच भाकरीचे वाटेकरी होतो. आणि बाहेर आवारात येऊन त्या घोषणेच्या जनकाला ‘शब्दाचा पक्का’ म्हणून नावाजतो. त्या कुटुंबातल्या एखाद्या म्हातारीच्या कानावर ते पडत असेल, तर तिने आपल्या शांतीच्या खुणेचा अर्थ काय लावावा?

एक आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. प्रभू येशूही दुहीचे कारण ठरला नाही काय? मी शांतता नव्हे, तलवार घेऊन आलो आहे, असे त्याने म्हटल्याचे मत्तय सांगतो. तो विरोधाचे चिन्ह होईल, असे म्हाताऱ्या शिमोनाने मरियेला सांगितल्याचे लूक लिहितो. संदेष्ट्यांनीही समाजात खळबळ माजवली. मग दुही माजवणे हा दोष कसा?

प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी पुन्हा तळघरातल्या योहानाकडे पाहावे लागते. योहानही शब्दाचा पक्का होता. भावाच्या बायकोला घरात ठेवणे तुला योग्य नाही, हे वाक्य त्याने मागे घेतले नाही. फरक हा की त्याच्या शब्दाची किंमत त्याच्याच मस्तकाने चुकवली. ख्रिस्ताची तलवार पडते ती ख्रिस्ताच्या अनुयायावर. ती शेजाऱ्यावर उगारण्यासाठी नाही. गेथशेमनीत पेत्राने तलवार उपसली तेव्हा प्रभूने ती म्यानात घालायला लावली. सत्य सांगितल्यामुळे लोकांत दोन तट पडणे वेगळे. लोकांत दोन तट पाडता यावेत म्हणून बोलणे वेगळे.

हा फरक पाहण्यासाठी पनवेलकरांना लांब जायला नको. ज्या महिन्यात ठाकरे जन्मले त्याच जानेवारी १९२६ मध्ये, १३ तारखेला, उरण तालुक्यातील जासई गावी दि. बा. पाटील जन्मले. नवी मुंबईसाठी सरकारने पंचाण्णव गावांची जमीन घेतली, तेव्हा शेतकऱ्यांच्या बाजूने ते उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी आंदोलकांवर गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मे झाले. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा प्रकल्पग्रस्तांना मिळण्याचे तत्त्व त्या रक्तातून पुढे आले. पाटीलही ठाम होते, कठोर बोलत, सरकारला नकोसे होते. पण त्यांच्या मागणीने कोणाही शेजाऱ्याच्या घराची वीट हलवायची नव्हती. ती जमीन गमावलेल्या प्रत्येकाची मागणी होती : आगऱ्याची, कोळ्याची, कऱ्हाड्याची, मुसलमानाची, ख्रिस्ती माणसाचीही. गंमत अशी की, आयुष्यभर शेतकरी कामगार पक्षात काढलेले हे नेते उतारवयात शिवसेनेत गेले. म्हणजे ‘झेंडा बदलला नाही’ या कसोटीवर ते नापास. तरी त्यांचे लोक त्यांना विसरले नाहीत, कारण त्यांनी झेंडा मोजला नव्हता. आपल्या सातबाऱ्यासाठी कोण उभे राहिले ते मोजले होते.

म्हणूनच २०२१ मध्ये विमानतळाला ठाकरे यांचे नाव देण्याचे घाटू लागले, तेव्हा इथला समाज रस्त्यावर उतरला. १० जूनला मानवी साखळी झाली, २४ जूनला सिडको भवनावर मोर्चा गेला. जून २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दि. बा. पाटील यांच्या नावाचा ठराव केला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. एका नावाच्या वादातून या तालुक्याने दोन प्रकारच्या तत्त्वनिष्ठा शेजारी ठेवून पाहिल्या, असे मी समजतो.

याच पनवेल तालुक्यात तळोजा कारागृह आहे. येशूसंघीय धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी यांना ८ ऑक्टोबर २०२० रोजी अटक करून तेथे ठेवण्यात आले. झारखंडातील आदिवासींच्या हक्कांसाठी त्यांनी आयुष्य वेचले होते. वय ८३, कंपवाताने हात थरथरत. पाणी पिण्यासाठी नळी असलेला पेला मिळावा म्हणून त्यांना अर्ज करावा लागला. खटला उभा राहण्याआधीच, ५ जुलै २०२१ रोजी, वांद्र्याच्या इस्पितळात ते वारले. त्यांच्या मतांशी कोणी असहमत असू शकेल. पण त्यांच्या ठामपणाचे बिल दुसऱ्या कोणाच्या घरी गेले नाही.

स्वतः किंमत मोजली म्हणजे सारे झाले, असेही नाही. नथुराम गोडसे १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात फाशी गेला आणि शेवटपर्यंत आपल्या मतावर कायम राहिला. त्याच्या या ठामपणाचेही गोडवे गाणारे महाराष्ट्रात आहेत. पण त्याने स्वतःचा जीव देण्याआधी एका निःशस्त्र वृद्धाचा जीव घेतला होता. खून करून फासावर जाण्यात हौतात्म्य नसते.

मग अशा कठोर माणसाला कौतुकाची वाट बंदच आहे काय? नाही, आणि इथे आपल्या धर्माचा सर्वांत मोठा आनंद आहे. उत्तर आयर्लंडमध्ये प्रोटेस्टंट आणि कॅथॉलिक यांच्यातील तीस वर्षांच्या संघर्षात साडेतीन हजारांहून अधिक माणसे मेली. त्या काळात प्रोटेस्टंटांचे सर्वांत जहाल पुढारी होते पाळक इयन पेस्ली. कॅथॉलिकांशी तडजोड नाही, हे त्यांचे तत्त्व. १९८५ मध्ये बेलफास्टच्या विराट सभेत त्यांनी ‘कधीच नाही’ असा पुन्हापुन्हा गजर केला. १९८८ मध्ये युरोपीय संसदेत परमगुरू दुसरे जॉन पॉल बोलायला उभे राहिले, तेव्हा उठून त्यांना ख्रिस्तविरोधी म्हणून ओरडणारे हेच गृहस्थ. शब्दाच्या पक्केपणात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. आणि ८ मे २००७ रोजी, वयाच्या ८१व्या वर्षी, याच पेस्लींनी पूर्वी सशस्त्र लढ्यात असलेले कॅथॉलिक नेते मार्टिन मॅकगिनेस यांच्यासोबत राज्यकारभाराची शपथ घेतली. पुढे या दोघांना एकत्र हसताना लोकांनी पाहिले. पेस्लींच्या जुन्या साथीदारांपैकी काहींनी त्यांना गद्दार म्हटले. चाळीस वर्षांच्या त्यांच्या ठामपणाने थडगी भरली होती; एका दिवसाच्या शब्दभंगाने मुले निर्भयपणे शाळेत जाऊ लागली. मला त्यांचे कौतुक करायचे असेल तर मी त्या दिवसाचे करीन.

तार्ससचा शौल हाही तत्त्वाचा पक्का होता. स्तेफनावर दगड पडत असताना मारेकऱ्यांची वस्त्रे त्याच्या पायांशी होती, आणि त्याला खंत नव्हती. दमास्कसच्या वाटेवर तो घोषित तत्त्वावरून ढळला, म्हणून आपल्याला संत पौल मिळाला. त्याच्या जुन्या सोबत्यांच्या लेखी तो पक्षबदलूच.

इथे पक्षबदलूंचा राग असलेल्या वाचकाला एक सांगितले पाहिजे. खुर्चीसाठी शब्द फिरवणे आणि सत्य दिसल्यावर शब्द फिरवणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्याला काहीतरी मिळते, दुसरा काहीतरी गमावतो. आजच्या फुटिरांविषयीचा तुमचा संताप योग्यच आहे. पण लाचखाऊ कारकुनाचा राग आला म्हणून कोणी दरोडेखोराच्या सचोटीचे पोवाडे गात नाही. संधिसाधूपणाला उत्तर हवे असेल तर ते न्यायी माणसाच्या ठामपणात शोधावे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी झुंडशाहीपुढे मान तुकवली नाही, आणि तरीही २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवताना ते साऱ्या मराठी माणसांचे होऊन बोलले. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले, तेव्हा त्यांच्यासाठी सर्व धर्मांचे लोक हळहळले. मराठी बाणा म्हणून मुलांना दाखवायला आपल्याकडे असा नमुना घरचाच आहे.

आणि मुलांसाठीच तर हा खटाटोप. आईबाप जेवताना ज्याची वाहवा करतात, तेच मूल पुढे गिरवते. ‘कसाही असो’ हे दोन शब्द आपण सहज टाकून जातो. मूल मात्र ते नीट ऐकते. त्याला कळते की माणसे मारली गेली, हुसकावली गेली, तरी ते ‘कसाही’ या एका शब्दात गुंडाळून ठेवता येते, आणि त्यावर ठामपणाची मोहर उठवली की सारे क्षम्य होते. उद्या तेच मूल धर्मग्रामाच्या मंडळात, हाउसिंग सोसायटीच्या सभेत, भाऊबंदांच्या वाटणीत आपल्या हट्टाला तत्त्व म्हणू लागले, तर दोष कोणाला द्यायचा?

प्रभूने दोन मुलांचा दाखला सांगितला, तो मत्तयच्या एकविसाव्या अध्यायात आहे. बापाने मळ्यात कामाला जा म्हटल्यावर एकाने साफ नकार दिला, पण मागाहून त्याला पस्तावा झाला आणि तो गेला. दुसरा हो म्हणाला आणि गेला नाही. बापाची इच्छा कोणी पूर्ण केली, असे प्रभूने विचारले, तेव्हा ऐकणाऱ्यांनी पहिल्याचेच नाव घेतले. पहिला मुलगा आपल्या पहिल्या शब्दाला चिकटून राहिला असता तर? आपल्या नाक्यावरच्या हिशोबाने तो शब्दाचा पक्का ठरला असता, आणि मळा ओसाड राहिला असता.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी ‘शब्दाचा पक्का होता’ असे म्हणाला, तर त्याच्याशी भांडू नका. एवढेच विचारा : शब्द कोणता, आणि त्याची किंमत कोणी मोजली? या दोन प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाल्यावरही कौतुक करावेसे वाटले, तर खुशाल करा.